ओट्यावरचा तास

बऱ्हाणपुराच्या बाजूनं तापी ओलांडून जैनाबादकडे आलं की शेतांच्या मधोमध आहुखाना लागतो. मुघलांची ही शिकारबाग. १६३१ च्या जूनमध्ये मुमताज महल बऱ्हाणपुरात वारली, तेव्हा तिला आधी इथे दफन केलं होतं; आग्र्याला तिचं शव सहा महिन्यांनी गेलं. नदीच्या पलीकडे शाही किल्ला. १६५८ च्या मार्चमध्ये औरंगजेब याच बऱ्हाणपुरातून फौज घेऊन उत्तरेला निघाला आणि पुढे बापाला कैदेत टाकून, भावांना संपवून तख्तावर बसला. शाळेत आम्हाला हे सगळं तपशीलवार शिकवलं जायचं. कोणता शहजादा कुठल्या सुभ्यावर होता, कोणी कोणाशी हातमिळवणी केली, कोण ऐन वेळी उलटला. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न यायचा आणि आम्ही पुरवणी घेऊन लिहायचो. तीनशे वर्षांपूर्वीचं सत्ताकारण आम्हा पोरांना तोंडपाठ होतं.

आमच्या डोळ्यांदेखत जे चाललं होतं, त्याचा मात्र वर्गात उच्चार नव्हता.

साल १९७६. आणीबाणी लागून वर्ष होत आलेलं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लिहिलं होतं की लोकसभेची मुदत पाच वर्षांची असते. मागची निवडणूक १९७१ च्या मार्चमध्ये झालेली. आमच्या वर्गातल्या एका मुलानं बोटांवर हिशेब केला आणि उभा राहिला. “सर, पाच वर्षं तर झाली. मग यंदा निवडणूक का नाही?” सर क्षणभर थांबले. दाराकडे पाहिलं. म्हणाले, “पुस्तकात आहे तेवढं लिही. बस खाली.” ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांना नोकरी होती, घर होतं, आणि ते दिवस तसे होते. पण आम्हा मुलांना एवढं मात्र कळलं की पुस्तकातली लोकसभा आणि दिल्लीतली लोकसभा यांचा एकमेकींशी संबंध जोडायचा नसतो.

तो संबंध जोडला गेला संध्याकाळी, ओट्यावर.

आमच्या गल्लीत निवृत्त पोस्टमास्तर राहायचे, सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांच्या घराचा ओटा रुंद होता. दिवेलागणीच्या आधी तिथे माणसं जमायची. केळीच्या बागेतून परतलेले शेतकरी, बऱ्हाणपुरात माग चालवणारे, लालबागच्या ताप्ती मिलमधून पाळी संपवून आलेले एकदोघे. मराठी, हिंदी, निमाडी, उर्दू असं सगळं एकाच वाक्यात बोलणारी माणसं. इंदूरची ‘नई दुनिया’ यायची, जळगावकडून येणारं एक मराठी वर्तमानपत्र यायचं. एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी रीत. वाचणारा बहुधा आमच्यापैकी एखादा पोरगा असे, कारण थोरांचे चष्मे जुने झालेले असत. आठ वाजले की नानांचा रेडिओ. कधी आकाशवाणी, कधी आवाज बारीक करून बीबीसीची हिंदी सेवा.

त्या मुलाचा प्रश्न मी त्या संध्याकाळी ओट्यावर मांडला. नाना म्हणाले, “प्रश्न बरोबर आहे. उत्तरही राज्यघटनेतच आहे.” मग त्यांनी समजावलं की आणीबाणी लागू असेल तर संसद कायदा करून लोकसभेची मुदत वाढवू शकते, पण एका वेळी एक वर्षापेक्षा जास्त नाही, आणि आणीबाणी उठल्यावर सहा महिन्यांपलीकडे नाही. १९७६ च्या फेब्रुवारीत तसंच झालं होतं. पुढे नोव्हेंबरात ते पुन्हा झालं. नाना बोलत होते तोवर शेजारचे काका उखडले. ते पक्के काँग्रेसचे. “गाड्या वेळेवर येऊ लागल्या, साठेबाजांना चाप बसला, भूमिहीनांना जमिनी मिळू लागल्या, ते कोण सांगणार?” मिलमधला एक कामगार शांतपणे म्हणाला, “आमचा संप करायचा हक्क गेला, तेही सांगा.” दोघं तासभर भांडले. मी मधे बसून दोघांच्याही तोंडाकडे पाहत होतो. घटनेतलं एक कलम, त्याचा वापर, त्याच्या बाजूचं म्हणणं आणि त्याच्या विरुद्धचं म्हणणं, असं सगळं मला एकाच संध्याकाळी मिळालं. आज राज्यशास्त्राचे प्राध्यापक ज्याला उत्तम अध्यापन म्हणतील, ते हेच.

दुसऱ्या दिवशी काका आणि तो कामगार पुन्हा शेजारी शेजारी बसले होते, हेही मी पाहिलं.

१९७७ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली. मतमोजणीच्या रात्री ओट्यावर कोणी झोपलं नाही. रेडिओवर एकेक निकाल येत होता आणि नाना जुन्या वहीत लिहून घेत होते. दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, आमच्या खंडवा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि कुशाभाऊ ठाकरे लोकसभेवर गेले. धारचा मराठी माणूस निमाडातून निवडून येतो म्हणून ओट्यावरच्या मराठी मंडळींना कौतुक, तर काकांना तितकंच दुःख. पोटनिवडणूक म्हणजे काय, ती कधी लागते, लोकसभेची मुदत उरलेली असेल तेवढ्यापुरताच तो खासदार असतो, हे मी तेव्हा शिकलो. वर्गात हे कोणी सांगितलं नाही. नागरिकशास्त्राच्या पेपरात राष्ट्रपतींचं किमान वय आणि राज्यसभेच्या सदस्याची मुदत विचारली होती. ३५ आणि ६. पूर्ण गुण.

ओट्यावर मागच्या काळाचेही हिशेब निघत. नाना सांगत, “मी नोकरीला लागलो तेव्हा आपली राजधानी नागपूर होती.” जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, निमाड नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि आमची राजधानी भोपाळ झाली. बऱ्हाणपूरच्या मराठी घरांत सोयरीक रावेर-मुक्ताईनगरची, बाजारपेठ जळगावची आणि सरकार भोपाळचं, असं तेव्हापासून चालत आलं. सरहद्दीवरच्या माणसासाठी राजकारण म्हणजे दूरची गोष्ट कधीच नसते. मुलाला कोणत्या भाषेत शिकवायचं, केळीला काय भाव मिळणार, बस कुठपर्यंत जाणार, हे सगळं एका रेषेवर ठरतं. ती रेषा कोणी, कशी आणि का ओढली, हे जैनाबादच्या मुलाला शाळेत सांगायला हवं होतं. आम्हाला ते ओट्यानं सांगितलं.

ज्या कागदावर देशभरातली वर्तमानपत्रं छापली जात, त्यातला कितीतरी आमच्याच भागातला होता. वृत्तपत्राचा कागद बनवणारा देशातला पहिला कारखाना नेपानगरला. १९५६ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला. सहलीला आम्हाला तिथे नेलं होतं. लगदा कसा होतो, कागदाचा रूळ कसा गुंडाळतात, हे दाखवलं आणि आम्ही वहीत लिहून आणलं. त्या कागदावर काय छापून येतं आणि आणीबाणीत काय छापू दिलं जात नव्हतं, याबद्दल अवाक्षर निघालं नाही.

शाळा आणि राजकारण यांची अशी फारकत आपल्याकडे पूर्वापार होती असं मुळीच नाही. ती मुद्दाम केली गेली. १९०७ मध्ये इंग्रज सरकारनं रिस्ले परिपत्रक काढून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना राजकीय सभांपासून दूर ठेवायचा हुकूम सोडला. तळेगावचं समर्थ विद्यालय विष्णु गोविंद विजापूरकरांनी राष्ट्रीय शिक्षणासाठी चालवलं होतं, ते १९१० मध्ये सरकारनं बंद पाडलं. वर्गात देशाची हकीकत बोलली जाऊ नये, हा सरकारचा हेतू होता. तरी शिक्षक बोलत राहिले. आमच्या निमाडातले माखनलाल चतुर्वेदी आधी खंडव्याचे शाळामास्तर होते. पुढे ‘कर्मवीर’ पत्राचे संपादक झाले आणि १९२५ पासून ते पत्र खंडव्याहून निघू लागलं. खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ पासून शिकवत. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते रोज हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. १९३० मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि सत्याग्रहात उतरले. १९३६ च्या डिसेंबरात खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन फैजपूरला भरलं, नेहरू अध्यक्ष होते. रावेर, सावदा ओलांडलं की फैजपूर. आमच्या आजोबांच्या पिढीतली माणसं ते बघून आली होती आणि आयुष्यभर सांगत राहिली.

स्वातंत्र्य आलं, पण १९०७ चं भय शाळांच्या भिंतींत राहून गेलं. सरकारी नोकरानं पक्षकार्यात भाग घेऊ नये, हा मध्य प्रदेशाच्या १९६५ च्या सेवा आचरण नियमांतला दंडक मला मान्य आहे. शिक्षकानं वर्गात एखाद्या पक्षाची मतं मागावीत, असं कोणीही म्हणणार नाही. पण प्रचार करू नका याचा अर्थ समजावून सांगू नका असा लावला गेला, आणि तिथे आपलं मोठं नुकसान झालं. दर पाच वर्षांनी याच शाळेच्या खोल्यांत मतदान केंद्र लागतं. याच शाळेतले शिक्षक बोटाला शाई लावायला बसतात. मतदार यादी घेऊन घरोघर तेच फिरतात. लोकशाहीचा सगळा भार शाळा उचलते, आणि त्या खोलीत काय घडलं हे दुसऱ्या दिवशी त्याच बाकांवर बसणाऱ्या मुलांशी मात्र बोलत नाही.

ओट्याचे गोडवे गाताना त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणं मला पटत नाही. ओट्यावर सगळे नव्हते. गावकुसाकडच्या वस्तीतली माणसं खाली रस्त्यावर उभी राहून ऐकायची. त्यांना वर बसा म्हणायला फार वर्षं लागली. आणि मुली तर नव्हत्याच. माझी ताई माझ्यापेक्षा दोन इयत्ता पुढे होती, माझ्यापेक्षा हुशार. संध्याकाळी ती चुलीपाशी भाकरी थापायची आणि ओट्यावरचे आवाज भिंतीतून ऐकायची. मी घरात आलो की विचारायची, “नाना शेवटी काय म्हणाले?” मी थोडंफार सांगायचो. तेवढंच तिचं राजकारणाचं शिक्षण. शाळेनं तिला राष्ट्रपतींचं किमान वय शिकवलं होतं.

१९९४ मध्ये त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतरच्या पंचायत निवडणुका घेणारं मध्य प्रदेश हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. ताई सासरच्या गावात महिलांच्या राखीव जागेवर पंच झाली. पहिल्या बैठकीत तिच्यापुढे रजिस्टर आलं आणि सही करा म्हणाले. ठराव कशाचा आहे, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे, हेच तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं. ती विचारायला शिकली, पण स्वतःच्या बळावर आणि बऱ्याच मनस्तापानंतर. पुढे मध्य प्रदेशानं पंचायतींतल्या महिलांच्या जागा निम्म्यावर नेल्या. म्हणजे आज जैनाबादच्या शाळेत बसलेल्या मुलींपैकी काही जणी उद्या सरपंच होणार, जनपद पंचायतीत जाणार, हे ठरल्यातच जमा आहे. मुलांना ओटा तरी होता. मुलींसाठी शाळेचा वर्ग हीच राजकारण समजून घ्यायची एकमेव उघडी जागा होती, आणि आपण तीच बंद ठेवली.

आता ओटाही राहिलेला नाही. नानांचं घर पडून तिथे नवं बांधकाम झालं. रस्ता रुंद झाला तसे गल्लीतले बहुतेक ओटे गेले. ताप्ती मिलचे साचे २०२० च्या मार्चपासून थांबलेले आहेत. नेपानगरचा कारखाना २०१६ पासून सहा वर्षं बंद होता, २०२२ मध्ये पुन्हा चालू झाला. चहाच्या टपरीवर माणसं आजही जमतात, पण प्रत्येकाच्या हातात आपापला मोबाईल असतो. शेजारच्याला काय दिसतंय हे दुसऱ्याला ठाऊक नसतं. एकाच बाकावर बसलेली दोन माणसं दोन वेगळ्या देशांत राहत असल्यासारखी बोलतात. आणि त्यांच्या बाजूला बसलेलं चौदा वर्षांचं पोर त्यांच्याच इतकं, कदाचित त्यांच्यापेक्षा जास्त, पाहत असतं.

आमच्या काळी बातमी उशिरा यायची आणि माणसांसमोर वाचली जायची. वाचणारा चुकला तर टोकणारा जवळ असे. काकांनी एक बाजू लावून धरली की दुसरी बाजू धरणारा समोरच बसलेला असे, आणि तो परका नसून रोजच्या बोलण्याचालण्यातला असे. आज मुलाच्या हातात जी चित्रफीत येते ती एकट्यासाठी येते. तीस सेकंदांत राग आणते. तिला उत्तर देणारं कोणी शेजारी नसतं. पुढची चित्रफीतही तिच्याच सुरातली येते, कारण ते यंत्र तसंच चालतं. मुलांचा यात काही दोष नाही. आमच्यापेक्षा त्यांना कितीतरी जास्त माहिती आहे. संसदेचं कामकाज ते घरबसल्या पाहू शकतात. आम्हाला रेडिओवरच्या चार ओळींवर भागवावं लागे. मुलं प्रश्नही विचारतात, आणि आम्ही भीत होतो तसे भीत नाहीत. त्यांना हवाय तो फक्त समोर बसून दोन बाजू मांडणारा मोठा माणूस.

म्हणून मला वाटतं, आमच्या वेळी शाळा गप्प राहिली ते निभावून गेलं, कारण शाळेबाहेर कोणीतरी बोलत होतं. आज शाळा गप्प राहिली तर ते निभावणार नाही. शिवाय मतदानाचं वय आता वेगळं आहे. मला पहिलं मत द्यायला एकविसावं वर्ष लागलं; १९८४ च्या डिसेंबरात, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या निवडणुकीत, मी पहिल्यांदा रांगेत उभा राहिलो. १९८९ मध्ये हे वय १८ वर आलं. आज बारावीच्या वर्गात बसलेला मुलगा किंवा मुलगी वर्षाच्या मध्येच मतदार होते. मतदार झालेल्या माणसाशी मतदानाच्या विषयावर बोलायचं नाही, हा कुठला शहाणपणा?

पुस्तकं बदलली, हे मात्र आनंदानं सांगायला हवं. आमच्याच राज्यात ‘एकलव्य’ संस्थेनं १९८६ च्या सुमारास होशंगाबाद, हरदा, देवास भागातल्या काही माध्यमिक शाळांत सामाजिक अध्ययनाची नवी पुस्तकं चालवली. पंचायत, कर, न्यायालय हे सगळं गावातल्या गोष्टींतून, संवादातून समजावणारी. २००२ मध्ये सरकारनं तो उपक्रम थांबवला, पण ती दृष्टी २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर देशभरच्या पुस्तकांत उतरली. एनसीईआरटीचं बारावीचं ‘स्वतंत्र भारत में राजनीति’ हे पुस्तक २००७ चं. मध्य प्रदेशातल्या शाळांतही आता एनसीईआरटीची पुस्तकं लागली आहेत. ते पुस्तक पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मी ते शेवटापर्यंत खाली ठेवलं नाही. पहिल्याच प्रकरणात राज्यांची पुनर्रचना. पुढे आणीबाणीवर अख्खं प्रकरण, आणि त्यात सरकारचं म्हणणं आणि टीकाकारांचं म्हणणं समोरासमोर मांडलेलं. १९७६ मध्ये आमच्या वर्गातल्या मुलाला जे उत्तर मिळालं नव्हतं ते छापील पानांवर होतं. महाराष्ट्रातही २०१७ मध्ये नववीच्या नव्या पुस्तकात आणीबाणी आणि बोफोर्स आले. दहावीच्या पुस्तकात निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी आणि लोकशाहीपुढची आव्हानं यांवर स्वतंत्र धडे आहेत.

एनसीईआरटीच्या त्या पुस्तकांचे एक मुख्य सल्लागार पुण्याचे प्राध्यापक सुहास पळशीकर, दुसरे योगेंद्र यादव. २०१२ च्या मे महिन्यात अकरावीच्या पुस्तकातल्या, शंकर यांनी १९४९ च्या सुमारास काढलेल्या एका व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. त्यात बाबासाहेबांचं चित्र ज्या रीतीनं होतं ते पाहून अनेकांची मनं दुखावली, आणि ते दुःख खरं होतं. पळशीकर आणि यादव यांनी सल्लागारपद सोडलं. पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. पुढे वेगळ्या सरकारच्या काळात त्याच पुस्तकांतले धडे आणि उतारे गाळले गेले, तेव्हा २०२३ च्या जूनमध्ये या दोघांनी पुस्तकांवरून आमची नावं काढा, असं एनसीईआरटीला कळवलं. सरकार कोणतंही असो, चालू राजकारणाचा धडा सगळ्यांना अडचणीचा वाटतो, हे या अकरा वर्षांनी दाखवून दिलं. म्हणून मी सगळा भरवसा पुस्तकावर ठेवत नाही. पुस्तकातलं पान उद्या गळेल. शिक्षकाला बोलायची आणि मुलांना विचारायची सवय लागली असेल, तर ती गळणार नाही.

यावर जे आक्षेप घेतले जातात ते मी अनेक पालकांच्या तोंडून ऐकले आहेत, आणि ते पोकळ नाहीत. शिक्षकाचं स्वतःचं मत असतं, ते मुलांवर लादलं जाईल. गाव लहान आहे, वर्गात सरपंचाचा मुलगाही बसतो आणि हरलेल्या उमेदवाराची मुलगीही. मुलं घरी जाऊन सांगतील, भांडणं लागतील. शिक्षकाची बदली होईल.

या प्रश्नांशी दुसरेही देश झगडले आहेत. हिटलरच्या काळात शाळेचा प्रचारासाठी वापर झाला, म्हणून जर्मनीत ही भीती आपल्यापेक्षा कितीतरी खोल होती. १९७६ मध्ये, आमच्या वर्गातला मुलगा उभा राहिला त्याच वर्षी, पश्चिम जर्मनीतल्या बॉयटेल्सबाख या गावी डाव्या-उजव्या सगळ्या विचारांचे शिक्षणतज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यांच्या चर्चेतून तीन नियम पुढे आले. पहिला, शिक्षकानं आपलं मत विद्यार्थ्याच्या गळी उतरवायचं नाही. दुसरा, समाजात आणि अभ्यासकांत जो विषय वादाचा आहे तो वर्गातही वादाचा म्हणूनच मांडायचा, एकाच बाजूनं नाही. तिसरा, विद्यार्थ्याला परिस्थिती आणि स्वतःचं हित ओळखता आलं पाहिजे, आणि त्यासाठी काय करता येईल हेही कळलं पाहिजे. जर्मनीतलं राजकीय शिक्षण आजही या तीन नियमांवर उभं आहे. वाचताना मला नानांचा ओटा आठवला. तिथेही कोणी कोणाच्या गळी काही उतरवत नसे, वाद वाद म्हणूनच चाले, आणि केळीवाल्याला आपलं हित नेमकं कळत असे. फरक एवढाच की वर्गात ताईही बसलेली असेल, आणि खाली रस्त्यावर उभा राहणारा मुलगाही.

जैनाबादसारख्या गावात हा तास कसा चालेल? केळीपासून सुरुवात करता येईल. कोणत्या पिकाला कोणत्या भागात विमा लागू होणार, हे त्या त्या राज्याचं सरकार अधिसूचना काढून ठरवतं. रावेरची केळी आणि जैनाबादची केळी एकाच तापीचं पाणी पितात, वादळही दोन्हीकडे येतं. मग दोन्हीकडचे नियम काय आहेत, ते कोणत्या खात्यानं ठरवले, आमदार काय म्हणाले, विरोधी पक्ष काय म्हणाला, हे आठवीतली मुलं शोधून काढू शकतात. त्यात कोणाचा प्रचार होत नाही, आणि राज्य सरकार म्हणजे काय हे परीक्षेपलीकडे लक्षात राहतं. नववीत ग्रामसभेला मुलांनी मागे बसावं आणि नंतर ठरावाचं रजिस्टर वाचायला मागावं. खकनार-नेपानगरच्या जंगलपट्टीतल्या शाळेत २००६ चा वनाधिकार कायदा घ्यावा. तिथल्या मुलांच्या घरात तो रोजचा विषय आहे. दहावीत एकच बातमी दोन वर्तमानपत्रांतून आणि एका मोबाईल संदेशातून समोर ठेवावी, आणि त्यात माहिती कोणती, मत कोणतं, मूळ कुठलं, हे मुलांनी वेगळं करावं. अकरावी-बारावीत सगळ्या पक्षांचे जाहीरनामे शेजारी शेजारी मांडून वाचावेत. शिक्षकाला एकच पथ्य: ज्या बाजूला वर्गात कोणी नाही, ती बाजू त्यानं मांडायची. आणि एखाद्या व्यंगचित्रानं कोणी दुखावलं असेल, तर कोण दुखावलं आणि का, हेही तितक्याच आदरानं समजावून द्यायचं.

राहिली शिक्षकाच्या बदलीची भीती. ती घालवणं पालकांच्या हातात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं तो कायदा म्हणतो. ही समिती बहुतेक ठिकाणी माध्यान्ह भोजनाच्या आणि रंगरंगोटीच्या सह्यांपुरती उरते. तिनं एक ठराव करावा: आठवड्यातून एक तास चालू घडामोडींचा असेल, त्यात सर्व बाजू मांडल्या जातील, आणि त्या तासाला शिक्षकानं जे प्रामाणिकपणे शिकवलं त्याची जबाबदारी आमची. त्या ठरावावर काँग्रेसच्या माणसाचीही सही असावी आणि भाजपच्या माणसाचीही. तेवढी सही मिळाली तर कोणताही शिक्षक दाराकडे न पाहता उत्तर देईल.

माझ्या पिढीतल्या जैनाबादच्या, बऱ्हाणपूरच्या आणि सरहद्दीपलीकडच्या रावेर-मुक्ताईनगरच्या माणसांना माझं हेच सांगणं आहे. आपल्याला जे मिळालं ते नानांसारख्या माणसांनी फुकट दिलं होतं. आपण मात्र आपल्या नातवंडांसाठी ओटा राखला नाही. निदान वर्ग तरी उघडून देऊ. येत्या सत्रात आपल्या गावच्या शाळेच्या समितीची बैठक कधी आहे ते विचारा, तिथे जा, आणि हा ठराव तुम्ही स्वतः मांडा.